पापडांचा कारखाना

“घरांच्या वस्तीत कारखान्याला परवानगी मिळत नाही, द्वारकाताई,” नगररचना कार्यालयातल्या मॅडम म्हणाल्या. द्वारकाताईंनी अर्ज परत घ्यायला हात पुढे केला, पण मॅडम अर्ज सोडेनात.

“पापड लाटतं कोण?”

“मी, सासूबाई आणि जाऊबाई.”

“आणि मशीन?”

“मशीन कसलं! पोळपाट-लाटणं.”

मॅडम हसल्या. “अहो, मग हा गृहउद्योग झाला. तो घरात चालतो. तेवढा शब्द बदला, अर्ज आजच पुढे पाठवते.”

द्वारकाताईंनी ‘कारखाना’ खोडून वर ‘गृहउद्योग’ लिहिलं. “आणि उद्या खरंच कारखाना काढायचा म्हटला तर?”

मॅडमनी भिंतीवरच्या नकाशात गावाबाहेरच्या जांभळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. “इथे. कारखान्यांसाठीच राखलेली जागा.”

द्वारकाताईंनी डोळे बारीक करून तो पट्टा बघितला. “पाणी येतं का तिथं?”