उभ्या गाडीची बॅटरी

डोळे अधू झाल्यापासून मधुसूदनराव गाडी रस्त्यावर नेत नसत, आणि किल्ली दुसऱ्या कुणाच्या हाती देणं त्यांच्या जिवावर येई. दर रविवारी फाटकाच्या आतच ते इंजिन पंधरा मिनिटं घरघरू देत आणि पुन्हा कव्हर घालून ठेवत. तरी त्या रविवारी बॅटरी तिसऱ्यांदा बसली.

मेकॅनिकनं आपल्या बॅटरीची वायर जोडून गाडी सुरू करून दिली. "काका, उभ्या उभ्या नाही भरत ही. आठवड्यातून अर्धा तास तरी रस्त्यावर फिरवा लागते."

"कोण फिरवते आता? विकूनच टाकतो. आज संध्याकाळीच गिऱ्हाईक बोलावतो."

मेकॅनिक गेला. लतिकाबाईंनी घरातून पर्स आणली आणि एक लायसन नवऱ्याच्या हातावर ठेवलं. नवं कोरं, लतिकाबाईंच्याच नावाचं; फोटोतही कपाळावर बुक्का.

मधुसूदनरावांनी ते पार नाकाशी नेऊन वाचलं. "गाडी कधी शिकली वं तू? रोज तर कीर्तनाले चालली म्हणून सांगे. देवाच्या नावावर खोटं बोलली मले?"

लतिकाबाई स्टिअरिंगसमोर बसल्या, पदर खोचला, आरसा आपल्या उंचीला वळवला.

"देवाच्या नावावर मी खोटं बोलीन का? बसा इकडून. कीर्तन पाचले सुरू होते आणि मी घरून चारले निघो. एवढ्या लवकर काहून, हे तुम्ही एक दिवस नाही पुसलं."