ट्रायल रूममधली पँट

पितरांना जेवू घालायच्या होमोवोच्या सणाला आपल्या आजोबांसाठी मूठभर क्पोक्पोई घरच्या जमिनीवर शिंपडायला आता अमेर्ले आजीच तेवढी उरली होती. पण घर कुठलं! आक्रा शहराच्या झगमगत्या बाजाररस्त्यावर त्या जागी कपड्यांचं दुकान उभं होतं, आणि पामतेलाने माखलेला मक्याचा तो प्रसाद पाहून मॅनेजर सेलोर्मने नाकच धरलं.

“शी! ही घाण इथे, आजी? गिऱ्हाईकं पळतील माझी. टाकायचंच असेल तर त्या शेवटच्या ट्रायल रूममध्ये टाका आणि निघा.”

आजीने पडदा सारला. खुंटीवर कुणाची तरी घामट पँट लोंबत होती.

“घाण माझी होय रे? आम्हा गा जमातीच्या लोकांत पूर्वी माणूस गेला की त्याला त्याच्या झोपायच्या खोलीतच पुरायचे. ही ती खोली! माझ्या आजोबांच्या छाताडावर रोज परकी माणसं चड्ड्या बदलतात, आणि नाक तू धरतोस?”



सेलोर्मने नाक सोडलं, बूट काढले आणि हात पुढे केला, “एक मूठ मलाही द्या, आजी. ती पँट माझीच आहे. दुकानाचा गणवेश मी रोज इथेच चढवतो.”