शिंपल्यांचं कमळ

जरा जवळ सरका, एक गोष्ट सांगते, रागानंच सांगते. नारळी पौर्णिमेला आमचं इथलं मराठी मंडळ बोटीनं पुलाउ उबीन बेटावर गेलं. तिथल्या जुन्या घराखाली छोटं तळघर आहे. भिंतींवर, जमिनीवर शिंपलेच शिंपले. म्हातारे घरमालक अंकल अभिमानानं म्हणाले, “माय ग्रँडमदर डू वन. ट्वेंटी इयर्स, लाह!” म्हणजे त्यांच्या आजीनं वीस वर्षं खपून हे सगळं जडवलेलं. जमिनीवरचं शिंपल्यांचं कमळ दिसताच सेक्रेटरी रावसाहेब ओरडले, “हे तर देवीचं ठाणं!” आणि समुद्रासाठी आणलेला नारळ तिथंच आपटला. पाकळ्यांचा चुरा झाला. शिवाय अंकलना खोबरं दिलं, “प्रसाद!” अंकलनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि गुडघ्यांवर बसून चुरा वेचू लागले. मी रावसाहेबांवर कडाडले, “देवीवरच नारळ फोडलात की!” “श्रद्धेनं केलं, वहिनी.” “मग श्रद्धेनंच वाका, वेचा!” “बोट चुकेल,” म्हणत ते जिना चढले. बाबांनो, नारळ उचलाल तेव्हा त्या आजीला आठवा.