वायूचं वजन

आराधना मॅडमनी झाकण फिरवलं. बाटलीतून फुस्स असा आवाज आला आणि वजनकाट्यावरचा आकडा खाली उतरला.

"बघितलं, आजी? झाकण बंद होतं तोवर व्हिनेगर आणि सोडा मिळून वजन तेवढंच राहिलं. उघडलं, वायू निघून गेला, वजन घटलं. म्हणजे जो दिसत नाही त्यालाही वजन असतं. हा तर हवेपेक्षा जड. कुजलेल्या गाळातनंही असाच वायू निघतो आणि विहिरीच्या तळाशी बसून राहतो."

ओट्यावर भिंतीला टेकून बसलेल्या गोजरबाईनं मान हलवली. शेजारी उभी असलेली निकिता प्रयोगाकडे बघत नव्हती, आजीच्या तोंडाकडे बघत होती. सकाळी आठवीच्या वर्गात हाच प्रयोग झाला आणि शाळा सुटल्याबरोबर तिनं मॅडमचा हात धरला होता. वाटेत तिनं सगळं सांगून टाकलं होतं. उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायला तिचे वडील मच्छिंद्र उतरले, मागोमाग चुलते बन्सी. दोघंही वर आले नाहीत. आदल्या दिवशी आईनं विटाळशी असताना तिथं पाणी शेंदलं होतं, म्हणून विहिरीतल्या आसरा, पाण्यातल्या देवता, कोपल्या, असं आजी म्हणाली. तेरावा झाला आणि आईला माहेरी धाडलं. निकिताला ठेवून घेतलं.

मॅडमनी खोल पातेल्यात एक मेणबत्ती पेटवून ठेवली. तांब्यात व्हिनेगर ओतून सोडा टाकला. फेस बसल्यावर तांब्या पातेल्यावर तिरका धरला. थेंबही पडला नाही. मेणबत्ती मात्र विझली.

निकिताला हसू आवरेना.

"समजलं का, आजी? आईच्या शिवन्यानं काय हुतंय? ह्यो वायू हुता आत. थांब, आनखी दावते." तिनं दुसरी मेणबत्ती पेटवली, चिमट्यात धरून अलगद आत सोडली. ती तळाशी पोचायच्या आतच विझली.

गोजरबाई पुढं सरकली. वाकून पातेल्यात बघत राहिली.

"दुसरी पन," ती म्हणाली.

"व्हय. कितीबी सोड, इझनारच."

"मॅडम, वरून कळत न्हाई व्हय, आत काय हाय ते?"

"नाही, आजी. रंग नाही, वास नाही. म्हणून आधी दिवा सोडून बघायचा. दिवा विझला तर माणसानं उतरायचं नाही. आणि एक पडला तर त्याच्यामागं दुसऱ्यानं तर मुळीच..."

म्हातारीचा चेहरा बघून मॅडम थांबल्या.

"मच्छिंद्र पडला तवा बन्सी उतरत नव्हता," गोजरबाई सांगू लागली. आवाज अगदी साधा, जशी कुणाला रस्ता सांगतेय. "दोर आना, मानसं येऊ द्या, म्हनत हुता. मी म्हनलं, भाऊ आत पडलाय आन तू काठावर हुबा? तुला मी दूध पाजलं का पानी? मंग उतरला."

मॅडमच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

"तुम्हाला कुठं माहीत होतं, आजी."

निकितानं एकदा मॅडमकडं पाहिलं, एकदा आजीकडं. सकाळपासून मनात घोळवलेलं तिनं घाईघाईनं बोलून टाकलं.

"मंग रविवारी आईला घेऊन येऊ ना?"

गोजरबाईनं तिला जवळ ओढलं. केसांवरून हात फिरवला.

"आसराच हुत्या, बाळा."

"न्हाई, आजी. तू आत्ता बघितलंस की."

"बघितलं. समदं बघितलं." म्हातारीनं तिचं डोकं छातीशी दाबून धरलं. "तुझी आई आजून तरनी हाय. तिला ह्यो दोष पेलंल. मला न्हाई पेलायचं."