राखाडी चौकोन

हैदराबादेत नोकरीला असलेल्या रोशनला व्हिडिओ कॉल करायची सवड नसे. त्याऐवजी तो तिकडेच जन्मलेल्या तान्ह्या लेकीचा एखादा फोटो बाभुळगावला आईच्या मोबाईलवर पाठवी. फोटो धूसर होऊ नये म्हणून तोही व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट करून. मागोमाग दोन मिनिटांचा फोन, "पाह्यला का?" रुखमाबाईंचं उत्तर ठरलेलं, "लय गोड दिसते रे माही नात!"

वर्षभरानं तो एकटाच घरी आला. आईचा मोबाईल सहज चाळला, तर फोटोंच्या जागी नुसते राखाडी चौकोन आणि प्रत्येक नावाच्या शेवटी 'एचईआयसी'. त्याच्या महागड्या फोनची ही फाईल आईच्या साध्या मोबाईलवर एकदाही उघडली नव्हती. त्यानं पाच मिनिटांत सगळे फोटो तिच्या मोबाईलवर उघडतील असे बदलून दिले. आयुष्यात पहिल्यांदा नातीचं तोंड पाहणाऱ्या आईकडे बघायची त्याला हिंमत होईना.

"आई, इतके दिवस सांगितलं काहून नाही?"

 

"फोटो आला का मागून तुहा फोन येत होता, बाबू. उघडत नाही म्हटलं असतं, त तू फोटो पाठवणंच बंद केलं असतं."