दाजींच्या पसंतीचं मशीन

“हे लोखंडावरही वाजतं?” दाजींनी विचारलं.

“वाजणारच. पण तीन फूट खोल जातं, साहेब!” दुकानदाराने काउंटरवरच्या वाळूच्या पेटीवरून धातू शोधायच्या मशीनची थाळी फिरवली. पुरलेल्या खिळ्यावर ती ठणाणा ओरडली. हे धूड दोन वर्षं दुकानात पडून होतं. आज ते कुणाच्या तरी गळ्यात मारायचंच, असं त्याने ठरवलं होतं.

“नको रे बाबा. आम्हाला काय खिळे वेचायचेत? आणि तीन फूट खणणार कोण? मागच्या अंगणात स्वतःच्या हाताने फरशी बसवली, तेव्हापासून कंबर धरलीय माझी.”

दाजी दुसऱ्या फळीकडे वळले, तसा सोबतचा मेहुणा दुकानदाराच्या कानाशी लागला. “आमची ताई वर्षापूर्वी घर सोडून गेली. तेव्हापासून दाजी बाहेरच पडत नाहीत. म्हटलं, काहीतरी नाद लावू. समुद्रावर अंगठ्या शोधू, नदीकाठी सोन्याचे कण. तेवढंच मन रमेल.”

दुकानदाराला भरूनच आलं. असा मेहुणा मिळायलाही नशीब लागतं!

“सोनं म्हणे!” दाजींनी ऐकलं होतं. “होतं नव्हतं ते तुझी ताई घेऊन गेली.” ते कडवट हसले आणि त्यांनी एक छोटं, हलकं मशीन उचललं. “हे बरंय. लोखंडावर गप्प बसतं, वीतभर खोल बघतं. आणखी काय हवं?”

“बघा हं दाजी, मोठं नकोच ना?”

“एकदा सांगितलं ना, नको म्हणून!”

“बरं बाबा, हेच घेऊ. उद्या येऊन नेतो,” मेहुणा म्हणाला. दुकानदाराचा चेहरा पडला.

तासाभराने मेहुणा एकटाच परत आला.

“ते मोठं द्या.”

“अहो, पण दाजी तर नको म्हणाले!”

“हो. तेच ऐकायला त्यांना आणलं होतं.”

दुकानदाराला काही कळलं नाही, पण त्याची कळी खुलली. तो लगबगीने खोकं शोधू लागला.

“हातभर लांब स्टीलचा रॉड असेल, तर वाजेल?”

“मस्त वाजेल! कसला रॉड?”

“अपघातानंतर ताईच्या मांडीत घातलेला.” मेहुणा थाळीवरची वाळू हळूहळू पुसत होता. “आणि मध्ये फरशी असली, तरी वाजेल ना?”