जागेसकट

मुलाने खिशातून मोबाइल काढला आणि चित्राचा फोटो घेतला. एक दुरून, एक अगदी जवळून. मग चपला घालून तो बाहेर पडला.

बाप हातातला ब्रश तसाच धरून बसून राहिला. नंतर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बायकोला हळूच म्हणाला, "आज त्याने फोटो काढला. माझ्या चित्राचा."

"बघा," ती म्हणाली. "उगाच मनाला लावून घेत होतात."

टेकडीखालच्या पंपघरावर बापाची नोकरी होती. पंप सुरू करायचा, काट्यावर लक्ष ठेवायचं, पंप बंद करायचा. मधल्या रिकाम्या वेळात तो जलरंगात जनावरं काढायचा. मुंगूस, घोरपड, साळिंदर, जे समोर येईल ते. शिकवलं कुणी नव्हतं. पहिली काही वर्षं त्याचे ससे उशीसारखे दिसत आणि मुंगूस ओल्या मोज्यासारखं. कागद नासत नासत त्याला कळत गेलं की रंग कुठे लावायचा यापेक्षा कुठे लावायचा नाही हे महत्त्वाचं. एक नियम मात्र त्याने आपल्यापुरता पहिल्यापासून पाळला. जनावर जिथे दिसलं तिथेच काढायचं, जागेसकट. दगड हलवायचा नाही, झाड सरकवायचं नाही.

मुलाला या सगळ्याची लाज वाटायची. "आमचे बाबा उंदीर-घुशी रंगवतात," असं तो मित्रांना सांगायचा आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचा. आता तो चांगला बाप्या झाला होता. कधी गावातल्या शेठची गाडी चालव, कधी कुणाचा माल उतरव, असं त्याचं चाललेलं. घरात जेवायला बसला तरी चित्रांच्या भिंतीकडे पाठ करून बसायचा.

ज्या चित्राचा त्याने फोटो घेतला, ते खवले मांजराचं होतं. टेकडीच्या मागच्या अंगाला त्याचं बीळ बापाला सापडलं, तेव्हा त्याने ते बायकोलाही सांगितलं नाही. चोरट्या बाजारात विकल्या जाणाऱ्या त्या खवल्यांसाठी माणसं काय काय करतात, हे त्याच्या कानावर होतं. रातपाळी संपली की तो वाऱ्याच्या उलट बाजूला लांब बसून राहायचा. उजाडता उजाडता मादी परत यायची. एका पहाटे तिच्या शेपटीच्या बुडाशी पिल्लू चिकटून बसलेलं दिसलं. तिच्या पावलागणिक ते डुलत होतं. बापाला हसू आलं आणि हसण्याचा आवाज होऊ नये म्हणून त्याने तोंडावर हात धरला.

चित्रात त्याने एकेक खवला काढला. मागे मधोमध फुटलेला खडक, एकाच फांदीचं वाळकं झाड आणि लांब कोपऱ्यात पाण्याच्या मोठ्या पाइपाचं वळण.

फोटो काढल्यानंतर चार-पाच दिवसांनी बाप टेकडीवर गेला, तर बीळ उकरलेलं. कुदळीचे घाव ताजे होते. तोंडाशी धूर केल्याची काळी राख होती. मातीत नखाएवढा एक खवला पडला होता, अजून मऊ. आपल्याच पायवाटेने कुणीतरी माग काढला, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने हातांनी खड्ड्यात माती लोटली. कशासाठी, ते त्यालाही कळलं नाही.

घरी आला तर बायको दारातच उभी होती. "ऐकलंत का? शेठने त्याला कायम केलं. गाडीच दिली हातात."

मुलगा आत बसला होता. बापाने पाय धुतले नाहीत. "टेकडीवरचं बीळ उकरलं कुणीतरी," तो म्हणाला.

मुलगा म्हणाला, "माहीत आहे."

"तू दाखवलंस?"

"मला कुठे जागा माहीत होती? शेठला फोटो दाखवला फक्त. त्याच्याकडे टेकडीवर फिरणारी माणसं आहेत. त्यांनी पाइपाचं वळण बघितलं, खडक बघितला आणि सरळ जाऊन उभी राहिली. एकदाही चुकली नाहीत." तो पहिल्यांदाच बापाच्या डोळ्यांत बघून बोलत होता. "शेठसुद्धा म्हणाला, बाबा. तुझ्या बापाच्या हातात कला आहे."

बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा मुलाकडे, आणि ती आत निघून गेली.

"आणि पिल्लू?" बापाने विचारलं.

"पिल्लू होतं? ते मला माहीत नव्हतं."

"चित्रात आहे," बाप म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो वनखात्याच्या कचेरीपर्यंत गेला. तक्रार द्यायची तर पहिलं नाव घरचंच सांगावं लागणार होतं. फाटकाशी तो बराच वेळ उभा राहिला. आतून पहारेकऱ्याने विचारलं, काय काम आहे? काही नाही म्हणून तो परत आला.

चित्रं काढणं त्याने सोडलं नाही, फक्त भिंतीवरची जुनी चित्रं उतरवली. पुढे त्याच्याबद्दल ऐकून एका शाळेच्या चित्रकलेच्या बाई घरी आल्या. अलीकडच्या चित्रांचा एकेक कागद त्यांनी उजेडात धरून पाहिला. मुंगुसाच्या मिशा पाहून त्यांनी मान डोलावली. मग त्या जरा अडखळल्या.

"राग मानू नका," त्या म्हणाल्या. "जनावर अगदी जिवंत उतरतं तुमचं. पण आजूबाजूला काहीच नसतं. खाली माती नाही, मागे झाड नाही, सगळा कागद कोरा. तेवढं मात्र शिकून घ्यायला हवं होतं तुम्ही."

"खरंय बाई," तो म्हणाला. "कुणी शिकवलंच नाही."